रोग नसलेले जीवनसत्त्व

दिवाळीचा फराळ डब्यात फार दिवस राहिला की काय होते हे घरोघरी ठाऊक आहे. करंजी दिसायला तशीच असते, पण तोंडात टाकली की खवट लागते. तेल किंवा तूप खवट होते म्हणजे त्यातील मेदाम्लांशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होतो, मेदाम्लांचे तुकडे पडतात आणि उग्र वासाचे पदार्थ तयार होतात. हीच क्रिया आपल्या रक्तातील तांबड्या पेशींच्या आवरणातही होऊ शकते. ती सहसा होत नाही, कारण शरीराने तिच्याविरुद्ध बंदोबस्त केलेला असतो. ‘ई’ आणि ‘सी’ ही जीवनसत्त्वे त्या बंदोबस्तातील दोन घटक आहेत.

शाळेतील पुस्तकात जीवनसत्त्वांचा तक्ता असतो : जीवनसत्त्वाचे नाव, ते कशात मिळते आणि अभावी कोणता रोग होतो. ‘ए’समोर रातांधळेपणा, ‘सी’समोर स्कर्व्ही, ‘डी’समोर मुडदूस. ‘ई’समोरच्या रकान्यात बहुधा ‘वंध्यत्व’ असे लिहिलेले आढळते. ते उंदरांच्या बाबतीत खरे आहे, माणसाच्या बाबतीत तसे सिद्ध झालेले नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘मग माणसाला काय होते?’ असे विचारले तर उत्तर देताना आपली पंचाईत होते. ही पंचाईत शास्त्रज्ञांचीही झाली होती. १९२२ साली या जीवनसत्त्वाचा शोध लागला, आणि त्याच्या अभावाने माणसाला होणारा आजार ठळकपणे हाती यायला १९६७ साल उजाडले. तो सापडला रक्तात, आणि तोही अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात.

बर्कलीचे उंदीर

कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप हे उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करीत होते. त्यांच्या उंदरांना शुद्ध केलेल्या घटकांचा ठरावीक आहार मिळे : दुधातील केसीन, मक्याचा स्टार्च, डुकराची चरबी, लोणी, क्षार आणि यीस्ट. त्या वेळी ज्ञात असलेली सर्व जीवनसत्त्वे त्यात होती. उंदीर चांगले वाढत, तुकतुकीत दिसत. माद्यांना गर्भही राही, पण तो पुरा दिवस टिकत नसे. गर्भ पोटातच मरे आणि तेथेच जिरून जाई. याच माद्यांना लेट्यूसची ताजी पाने किंवा गव्हाचे अंकुर दिले की त्यांना धडधाकट पिले होत. इव्हान्स आणि बिशप यांनी या अज्ञात घटकाला ‘एक्स’ म्हटले. पुढे बार्नेट शूर यांनी, ‘डी’पर्यंतची अक्षरे वापरून झालेली असल्यामुळे, ‘ई’ हे नाव सुचवले.

१९३६ साली इव्हान्स यांनी ऑलिव्हर आणि ग्लॅडिस इमर्सन यांच्यासह गव्हाच्या अंकुरांच्या तेलातून हा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याला नाव हवे होते. विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांनी ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म आणि ‘फेराइन’ म्हणजे वाहून आणणे हे शब्द जोडून दिले. रेणूत अल्कोहोलसारखा गट असल्यामुळे शेवटी ‘ओल’ आला, आणि ‘टोकोफेरॉल’ तयार झाले. दोनच वर्षांनी झुरिकमध्ये पॉल कारर यांनी ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवले. नाव इतके सुरेख जमले, की त्याने पुढची कित्येक वर्षे दिशाभूल केली असे मला वाटते. ज्याच्या नावातच अपत्यजन्म आहे, त्याचे काम रक्तात शोधावे असे सहजी कोणाच्या मनात येत नाही.

खरे म्हणजे एक धागा आरंभापासून दिसत होता. आहारातील चरबी खवट असली की त्यातील ‘ई’ नष्ट होते, हे १९२० च्या दशकातच कळले होते. आयोवा येथे हेन्री मॅटिल आणि हॅरॉल्ड ऑल्कॉट हे वनस्पती तेले खवट का होत नाहीत याचा शोध घेत होते. तेलात नैसर्गिकपणे असणारे काही पदार्थ ही क्रिया रोखतात असे त्यांना दिसले, आणि टोकोफेरॉले त्यांपैकीच आहेत हे १९३७ साली स्पष्ट झाले. म्हणजे उंदराची गर्भधारणा टिकवणारा पदार्थ आणि तेलाचा खवटपणा रोखणारा पदार्थ एकच होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, हे मात्र कोणाला सांगता येईना.

मेद खवट होतो तो कसा, याचा उलगडा १९४० च्या दशकात एका अनपेक्षित ठिकाणी झाला. रबर जुने झाले की चिरते, ठिसूळ होते. ब्रिटनमधील रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ याचे कारण शोधत होते आणि त्यासाठी मेदाम्लांसारखे साधे रेणू तपासत होते. कार्बनच्या दोन दुहेरी बंधांच्या मधोमध असलेल्या कार्बन अणूवरचा हायड्रोजन सैल बांधलेला असतो. एखाद्या मुक्त मूलकाने, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या आणि म्हणून जोडीदारासाठी हपापलेल्या रेणूने, तो हायड्रोजन ओढून घेतला की मेदाम्ल स्वतःच मूलक बनते. त्याला लगेच ऑक्सिजनचा रेणू चिकटतो आणि पेरॉक्सी मूलक तयार होते. हे नवे मूलक शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढते, ते मेदाम्ल त्याच्या शेजाऱ्याचा. अशी साखळी चालू राहते. एका ठिणगीने गंजी पेटावी तसे एका मूलकामुळे शेकडो रेणू बिघडू शकतात. टोकोफेरॉल या साखळीत आडवे येते. ते आपला हायड्रोजन पेरॉक्सी मूलकाला देऊन टाकते आणि स्वतः मूलक बनते. पण हे मूलक इतके थंड असते की ते शेजाऱ्याला सहसा हात लावीत नाही. साखळी तेथे तुटते.

तांबड्या पेशीची अडचण

आता तांबड्या पेशीकडे वळू. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी खोलगट अशी ही चकती. सर्वांत अरुंद केशवाहिन्यांतून जाताना तिला वाकून, लांबट होऊन पुढे सरकावे लागते. हा लवचिकपणा तिला आवरणामुळे मिळतो. आवरण म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर आणि त्यात व त्याच्या आतल्या अंगाला गुंफलेली प्रथिने. मेदाम्लांत दुहेरी बंध जितके अधिक तितका थर अधिक प्रवाही. आणि वर पाहिल्याप्रमाणे, दुहेरी बंध जितके अधिक तितकी ऑक्सिडीकरणाची भीतीही अधिक. ज्या गुणामुळे पेशी वाकते त्याच गुणामुळे ती बिघडते.

त्यात पेशीच्या आत काय आहे ते पाहा. हीमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकात लोहाचे चार अणू, आणि त्यांना येऊन-जाऊन चिकटणारा ऑक्सिजन. हीमोग्लोबिन ऑक्सिजनला धरते आणि सोडते, हे आपण वर्गात शिकवतो. दररोज शंभरातील एक ते तीन रेणू मात्र सोडताना चुकतात. लोहाचा एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेऊन जातो. मागे उरते निरुपयोगी मेटहीमोग्लोबिन, आणि सुटलेला ऑक्सिजन सुपरऑक्साइड हे मूलक बनलेला असतो. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हायड्रोजन पेरॉक्साइडची लोहाशी गाठ पडली की त्याहून भयंकर मूलके निर्माण होतात. लोहक्षार आणि पेरॉक्साइड यांची ही जोडगोळी केम्ब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ सालीच वर्णिली होती.

इतर पेशींचे काही बिघडले तर त्या दुरुस्ती करतात. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, त्यामुळे नवी प्रथिने बनवता येत नाहीत. नवा मेदही तिला मुळापासून तयार करता येत नाही. अस्थिमज्जेतून निघताना जी शिदोरी मिळाली तिच्यावर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. आवरण बिघडले की ते ताठर होते, त्यातून क्षार आणि पाणी झिरपू लागते. मग प्लीहा अशा पेशीला अडवून मोडीत काढते, किंवा ती पेशी रक्तातच फुटते. याला रक्तविलयन म्हणतात. अशी ही गरीब पेशी संशोधकांना मात्र फार सोयीची ठरली. ती सहज मिळते, धुऊन वेगळी करता येते आणि फुटली की नळीतले पाणी लाल होते. बिघाड डोळ्यांनी दिसतो आणि रंगाच्या तीव्रतेवरून मोजताही येतो.

लाल लघवी

पॉल ग्यॉर्गी हे जन्माने हंगेरियन बालरोगतज्ज्ञ. हायडेलबर्गमध्ये असताना रिबोफ्लेविन वेगळे करण्यात त्यांचा वाटा होता. ‘बी-६’ जीवनसत्त्व त्यांनीच ओळखले. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांनी जर्मनी सोडली, आणि केम्ब्रिज व क्लीव्हलँड असा प्रवास करून १९४४ पासून ते फिलाडेल्फियात होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या प्रयोगशाळेत ॲलॉक्झान या रसायनाचा उपयोग होत असे. ॲलॉक्झानने स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात, म्हणून प्राण्यांत मधुमेह निर्माण करण्यासाठी ते वापरतात. ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन रोझ यांना असे आढळले, की विशिष्ट आहारावरचे काही उंदीर मधुमेह व्हायच्या आतच मरतात. त्यांची लघवी लाल होते. लघवीत रक्त नव्हते, हीमोग्लोबिन होते. म्हणजे तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटत होत्या. आहारात टोकोफेरॉल दिले की हे थांबे.

येथे अनेकांनी उंदीर बदलून मूळचा मधुमेहाचा प्रयोग पुढे नेला असता. रोझ आणि ग्यॉर्गी यांनी उंदीर बाजूला ठेवून त्यांचे रक्त परीक्षानळीत घेतले. ॲलॉक्झानचे एक रूप असलेल्या डायाल्युरिक आम्लाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ‘ई’ न मिळालेल्या उंदराच्या पेशी या आम्लात फुटत. ‘ई’ मिळालेल्या उंदराच्या पेशी त्याच नळीत, तेवढाच वेळ शाबूत राहत. १९४९-५० च्या सुमारास त्यांनी यावरून एक चाचणीच बसवली. उंदराच्या शरीरात ‘ई’ किती आहे हे पाहण्यासाठी आता गर्भधारणेची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. रक्ताचे चार थेंब पुरत.

मग ग्यॉर्गी यांच्यातला बालरोगतज्ज्ञ जागा झाला. डायाल्युरिक आम्लाऐवजी सरळ पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन १९५२ साली त्यांनी नवजात बालकांचे रक्त तपासले. त्याच वर्षी हॅरी गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे रक्त तपासले. दोन्हींचा निष्कर्ष सारखा होता : मोठ्या माणसाच्या पेशी पेरॉक्साइडमध्ये टिकतात, नवजात बाळाच्या फुटतात. कारण गर्भाला आईकडून वारेतून फारच थोडे ‘ई’ मिळते. ते मिळते जन्मानंतर, आणि आईच्या पहिल्या चिकाच्या दुधात ते भरपूर असते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पेशी काही दिवसांत सावरतात.

परंतु नळीत पेशी फुटणे म्हणजे आजार नव्हे. पेरॉक्साइडचे जे प्रमाण नळीत असते ते कोणाच्याही रक्तात कधी नसते. त्या बाळांना पंडुरोग झालेला नव्हता. चाचणी संवेदनशील होती हे खरे. ती नेमके काय दाखवते हा प्रश्न उरलाच होता.

एल्जिनचे रुग्ण

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी जे केले गेले ते आज कोणत्याही नैतिक समितीपुढे टिकणार नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एल्जिन येथे मनोरुग्णांचे मोठे सरकारी रुग्णालय होते. मॅक्स हॉर्विट यांनी १९५० च्या दशकात तेथील पुरुष रुग्णांच्या एका गटाला कित्येक वर्षे ‘ई’ अत्यल्प असलेला आहार दिला. आधी त्यातील मेद डुकराच्या चरबीचा होता. नंतर टोकोफेरॉल काढून टाकलेले मक्याचे तेल दिले जाऊ लागले. रक्तद्रवातील टोकोफेरॉल हळूहळू उतरत गेले, आणि ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावर पेरॉक्साइडमध्ये पेशी फुटण्याचे प्रमाण वाढले. मक्याच्या तेलावर, म्हणजे दुहेरी बंध अधिक असलेल्या मेदावर, ही पातळी अधिक लवकर आली. रबराच्या रसायनशास्त्रज्ञांनी जे सांगितले होते ते माणसात दिसत होते : आवरणात जळाऊ माल जितका अधिक तितके टोकोफेरॉल अधिक लागते. रुग्णांच्या तांबड्या पेशींचे आयुष्यही थोडे घटले. मात्र इतक्या वर्षांनीही कोणाला उघड पंडुरोग झाला नाही. प्रौढाच्या शरीरात, विशेषतः चरबीत, ‘ई’चा साठा असतो आणि तो फार सावकाश उतरतो.

ज्यांच्यावर हा प्रयोग झाला त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. प्रयोगातून मिळालेले आकडे मात्र सर्व पुस्तकांत आहेत.

त्याच राज्यात, स्टेटव्हिलच्या तुरुंगात, जवळजवळ त्याच काळात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालू होते. प्रायमाक्वीन दिल्यावर काही जणांच्या तांबड्या पेशी फुटत. १९५६ साली या प्रयोगांतून कळले, की या लोकांच्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज या एंझाइमाची जन्मजात उणीव असते. हे एंझाइम ग्लुटाथायोन या छोट्या रेणूला पुन्हापुन्हा कामाच्या रूपात आणण्यासाठी लागते, आणि ग्लुटाथायोन पेरॉक्साइड निकामी करण्यासाठी लागते. ही उणीव आपल्याकडेही आहे. १९६३ साली मुंबईतील पारशी समाजात ती आढळल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, गॉर्डन मिल्स यांनी तांबड्या पेशीतूनच ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एंझाइम शोधले. त्यात सेलेनियम असते हे १९७३ साली समजले. १९६९ साली जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड नष्ट करणारे एंझाइम शोधले. तेही गाईगुरांच्या तांबड्या पेशींतून. गंमत म्हणजे हे प्रथिन १९३८ सालीच वेगळे केले गेले होते. त्यात तांबे आहे एवढे माहीत होते आणि ते तांबे साठवण्यासाठी असावे असा समज होता. तीस वर्षे ते बाटलीत होते, काम कोणाला ठाऊक नव्हते.

एकंदरीत पेशीच्या आतल्या पाण्यात एंझाइमे आणि ग्लुटाथायोन, तर आवरणाच्या मेदात टोकोफेरॉल, अशी विभागणी आहे.

फिलाडेल्फियातील बाळे

१९६० च्या दशकात अपुऱ्या दिवसांची बाळे वाचवण्याचे तंत्र सुधारत होते, आणि त्यांच्यासाठी डब्यातले दूध बनत होते. लोण्यातील मेद या बाळांना नीट पचत नाही, म्हणून त्याजागी दुहेरी बंधांनी समृद्ध अशी वनस्पती तेले आली. पंडुरोग होऊ नये म्हणून लोह घातले गेले. दोन्ही निर्णय एकेकटे पाहिले तर शहाणपणाचे होते.

फिलाडेल्फियात फ्रँक ओस्की आणि लुईस बार्नेस यांना सहा ते दहा आठवडे वयाच्या अशा बाळांत पंडुरोग दिसू लागला. लोह देऊनही तो हटत नव्हता. अस्थिमज्जा जोमाने नव्या पेशी बनवीत होती, म्हणजे कच्चा माल कमी नव्हता. पेशी बनत होत्या आणि तितक्याच वेगाने मोडत होत्या. काही बाळांच्या अंगावर सूज होती. पेरॉक्साइड चाचणीत पेशी भराभर फुटत. ‘ई’ दिल्यावर हीमोग्लोबिन वाढले. १९६७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि पंचेचाळीस वर्षांनंतर तक्त्यातल्या त्या रकान्यात लिहिण्याजोगे काहीतरी मिळाले.

नेमके काय घडले होते हे १९७५ साली ओस्की आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ ‘ई’चा साठा नाही. वनस्पती तेलामुळे त्याच्या पेशींच्या आवरणात दुहेरी बंध वाढले. वर लोह दिले, ते फेंटनच्या क्रियेला खतपाणी. पंडुरोग टाळण्यासाठी घातलेले लोहच पंडुरोग वाढवीत होते. कंपन्यांनी मग दुधाचे घटक बदलले : ‘ई’ वाढवले, तेलांचे प्रमाण सांभाळले. हा आजार त्यानंतर क्वचितच दिसू लागला. इतक्या थोड्या काळात एखादा आजार सापडतो, समजतो आणि जवळजवळ नाहीसा होतो, असे फारदा घडत नाही. तो आजार बव्हंशी आपणच घडवला होता हे येथे विसरता येत नाही.

आणि यातून सगळे शहाणे झाले असेही नाही. ‘ई’ अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हितकारक, तर ते थेट शिरेतून का देऊ नये, असा विचार झाला. मेदात विरघळणारा पदार्थ पाण्यात मिसळण्यासाठी त्यात पॉलिसॉर्बेट हे पायसकारक घातलेले एक औषध अमेरिकेत १९८३ च्या अखेरीस बाजारात आले. ‘जीवनसत्त्व तर आहे’ म्हणून त्याची औषधासारखी पूर्वपरीक्षा झालेली नव्हती. बाळांची यकृते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १९८४ च्या एप्रिलमध्ये ते मागे घेतले गेले तोवर ३८ बालके दगावली होती. संशय मुख्यतः पायसकारकावर होता. पण ‘जीवनसत्त्व कितीही आणि कसेही दिले तरी अपाय नाही’ ही समजूत त्याहून कमी दोषी होती असे मी म्हणणार नाही.

‘सी’ची मदत

एक हिशेब अजून जुळत नव्हता. आवरणातील मेदाच्या साधारण हजार रेणूंमागे टोकोफेरॉलचा जेमतेम एक रेणू असतो. टोकोफेरॉल पेरॉक्सी मूलकाशी शेजारच्या मेदाम्लाच्या सुमारे हजारपट वेगाने क्रिया करते, म्हणून ते इतक्या कमी संख्येत पुरते हे खरे. पण एका मूलकाला हायड्रोजन देऊन झाल्यावर त्याचे काय? तसेच संपत गेले तर साठा लवकर आटायला हवा. एल्जिनच्या रुग्णांत तर तो वर्षानुवर्षे पुरला.

ॲल टॅपल यांनी १९६८ साली सुचवले, की वापरलेल्या ‘ई’ला ‘सी’ पुन्हा हायड्रोजन देत असावे. टोकोफेरॉलचे शेपूट मेदाच्या थरात बुडालेले असते, पण हायड्रोजन देणारे डोके थराच्या पृष्ठभागाशी असते. तेथे त्याची पाण्यात विरघळलेल्या ‘सी’शी गाठ पडू शकते. कल्पना सुबक होती, पुरावा नव्हता. तो १९७९ साली लेस्टर पॅकर, ट्रेव्हर स्लेटर आणि रॉबिन विल्सन यांनी दिला. इलेक्ट्रॉनांचा अतिशय अल्पकाळ टिकणारा झोत द्रावणात सोडून त्यांनी मूलके तयार केली, आणि ‘ई’चे मूलक नाहीसे होताना त्याच गतीने ‘सी’चे मूलक उगवते हे प्रकाशशोषणावरून टिपले.

‘सी’ किती सहज इलेक्ट्रॉन देते हे वर्गात दाखवणे सोपे आहे. पाण्यात टिंक्चर आयोडीनचे काही थेंब टाका. पिवळट-तपकिरी रंग येईल. त्यात आवळ्याचा गाळलेला रस थेंबाथेंबाने टाका. रंग जातो. आयोडीनला ‘सी’कडून इलेक्ट्रॉन मिळाले आणि त्याचे रंगहीन आयोडाइड झाले. आवरणाच्या पृष्ठभागावर आयोडीनच्या जागी टोकोफेरॉलचे मूलक आहे अशी कल्पना करायची. (या प्रयोगासाठी रक्त घेऊ नये. त्याची गरज नाही आणि ते सुरक्षितही नाही.)

कॅनडात ग्रॅहॅम बर्टन आणि कीथ इंगोल्ड यांनी १९८३ च्या सुमारास माणसाच्या तांबड्या पेशींची आवरणे तपासून दाखवले, की तेथे मेदात राहून साखळी तोडणारे काम जवळजवळ सर्वस्वी ‘ई’च करते. पण याच गटाने १९९० साली गिनीपिगवर प्रयोग केला. गिनीपिगला आपल्यासारखेच ‘सी’ शरीरात बनवता येत नाही. आहारात ‘सी’ कमी-अधिक केल्याने ‘ई’च्या खर्चात फरक पडला नाही! नळीत स्वच्छ दिसणारी गोष्ट जिवंत प्राण्यात दिसेना. पुढे २००६ साली धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातून ‘ई’ अधिक वेगाने नाहीसे होते आणि ‘सी’ दिल्यावर तो वेग सामान्य होतो असे आढळले. म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण मोठा असेल तेव्हा ही मदत दिसून येते असे दिसते. एरवी ग्लुटाथायोन आणि एंझाइमे काम निभावून नेत असावीत. २००८ साली आणखी एक मौजेची गोष्ट कळली. माणसाच्या तांबड्या पेशीवर ग्लुकोज आत घेणारे जे दार आहे त्यातून वापरून झालेले ‘सी’ आत जाते, आणि आत ते पुन्हा कामाच्या रूपात आणले जाते. स्वतः ‘सी’ बनवू शकणाऱ्या उंदराच्या प्रौढ तांबड्या पेशीवर हे दार नसते.

गोळ्यांच्या जाहिरातींत ‘मुक्त मूलकांपासून संरक्षण’ हे शब्द हमखास असतात. तांबड्या पेशीच्या आवरणात टोकोफेरॉल हेच करते, म्हणून शब्द खोटे नाहीत. परंतु साधा आहार घेणाऱ्या निरोगी माणसाच्या आवरणात ते पुरेसे असते, आणि अधिक ‘ई’ खाल्ल्याने त्याला अधिक फायदा होतो असे दिसलेले नाही. अमेरिकेत सुमारे ३५ हजार पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तर ‘ई’च्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली आढळले.

आणि तक्त्यातला तो रकाना? अपुऱ्या दिवसांच्या बाळांखेरीज ‘ई’चा खरा अभाव फक्त त्यांनाच होतो ज्यांना मेद शोषून घेता येत नाही, किंवा यकृतात ‘ई’ हाताळणारे प्रथिन जन्मतःच सदोष असते. या प्रथिनाच्या जनुकातील दोष १९९५ साली सापडला. अशा रुग्णांत मुख्यतः बिघडतात त्या नसा. रक्ताचे फारसे बिघडत नाही. चाल अडखळते, तोल जातो. पेरॉक्साइडच्या नळीत त्यांच्या पेशीही फुटतात, पण डॉक्टरकडे ते येतात चालता येत नाही म्हणून. तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर असे : अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पंडुरोग, आणि जन्मजात दोष असलेल्या थोड्या लोकांत नसांचा आजार.

प्रौढ माणसाला दररोज १५ मिलिग्रॅम ‘ई’ लागते, असा आकडा अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००० साली ठरवला. तो ठरवताना त्यांनी आधार घेतला तो एल्जिनच्या रुग्णांच्या रक्ताचा : टोकोफेरॉल किती असले म्हणजे त्यांच्या तांबड्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या नळीत फुटत नव्हत्या, याचा.